चेहऱ्यावरून ठरवलेलं दूध

डेअरीच्या दारात मावशी उभ्या असल्या की मॅनेजर निवांत चहा प्यायचा. दुधात फॅट किती ते यंत्र सांगे, पण दूध आंबलंय का, ते आधी नाकालाच कळतं, आणि मावशींच्या नाकाला तोड नव्हती. कॅनचं झाकण उघडायचं, वाकून एक श्वास घ्यायचा आणि ‘ओता’ नाहीतर ‘परत’ एवढंच म्हणायचं. त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

एका हिवाळ्यात मावशींना मोठा ताप आला. ताप उतरला, पण कसलाच वास येईनासा झाला. साबणाचा नाही, देवापुढच्या फुलांचाही नाही. येईल परत, देव काही इतका निष्ठुर नाही, असं म्हणत त्यांनी दिवस काढले आणि कुणाला सांगितलं नाही. वाकायच्या, श्वास घ्यायच्या, आणि मान वर करून दूध आणणाऱ्याचं तोंड बघायच्या. ताज्या दुधात शिळं मिसळणारा माणूस उगाच बडबडतो, नाहीतर नजर चुकवतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं. आणि नवल म्हणजे ते जमलं. वरच्या मोठ्या डेअरीतून एकदाही तक्रार आली नाही. मग मावशींनाच वाटायला लागलं, नाक गेलं तर गेलं, आपल्याला कळतंय ना.

त्यात एक नवी बाई दूध घालायला यायला लागली. एकच गाय, एकच छोटा कॅन. पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहायची. त्या दिवशी मावशींनी झाकण उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “परत.”

“आत्ताच काढलंय हो. हात लावून बघा, अजून कोमट आहे.”

“कोमट काय, चुलीवरही होतं,” रांगेतला जाड्या म्हणाला, आणि रांग हसली.

बाईने झाकणात दूध ओतलं आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.

“नाटकात जा, चार पैसे मिळतील,” जाड्या म्हणाला.

मावशींच्या मनात क्षणभर पाल चुकचुकली. कॅनला हात तेवढा लावायचा होता. पण एकदा परत म्हटल्यावर हात लावायचा म्हणजे आपलंच नाक कापून घ्यायचं. त्या म्हणाल्या, “चला, पुढचा.”

दोनदा परत गेलं की दूध कायमचं बंद, असा डेअरीचा नियम होता.

संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. सून धावतच आत आली आणि तिने गॅस बंद केला.

“आई, घरभर करपट वास सुटलाय. पातेलं काळं ठिक्कर पडलं, आणि तुम्ही इथंच बसलाय?”

मावशींनी नाक वर करून हवा ओढून पाहिली. सुनेने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“तुम्हाला वासच येत नाही. मग डेअरीत काय करता?”

“तोंडावरून कळतं मला. मान खाली घातली की समजायचं, काहीतरी काळंबेरं आहे.”

सून पातेलं घासायला बसली. बराच वेळ घासत राहिली. मग म्हणाली, “लग्न होऊन आले तेव्हापासून मी तुमच्यापुढे मान खाली घालूनच बोलते. मी काय पाप केलंय?”

मावशींना कपाटाची किल्ली आठवली. सून घरात आल्यावर पहिलं वर्षभर ती त्यांनी कमरेला ठेवली होती, ती याच खाली घातलेल्या मानेपायी. त्यांना इतकी लाज वाटली की सुई दोऱ्यासकट तशीच शर्टात राहिली. देवापुढे बसल्या, पण तोंड उघडेना. त्याला काय सांगायचं, त्याला तर सगळं माहीतच होतं.

सकाळी त्या बाईचा नंबर आला. झाकण उघडून मावशी वाकल्याच नाहीत.

“साहेब, मला वास येत नाही,” त्या मॅनेजरला म्हणाल्या. “ताप आला तेव्हापासून.”

“काय मावशी, सकाळी सकाळी चेष्टा.”

“त्यांना वास येत नाही म्हणे,” जाड्या म्हणाला. “मग आमचं दूध परत जातं ते काय दृष्ट लागून?”

कुणाचाच विश्वास बसेना. मावशींनी डोळे मिटले. “फिनेलची बाटली आणा. नाकाशी कधी धरा, कधी धरू नका, धरलीय की नाही ते मी सांगते.”

मॅनेजरने बाटली आणली आणि बूच काढून त्यांच्या नाकाशी धरली. मावशी तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “धरा ना.”

रांगेतलं हसणं थांबलं. मॅनेजरने बाटलीचं बूच लावलं, कॅनवर स्वतः वाकला आणि पडेल आवाजात म्हणाला, “चांगलं आहे. ओता.”

बाईने दूध ओतलं. पण ती गेली नाही. “मग कालचंही चांगलंच होतं, एवढं सगळ्यांसमोर सांगा.”

‘हो’ म्हणून टाकलं असतं तर तिचं समाधान झालं असतं, आणि मावशींचंही. पण कालही त्या अशाच बोलल्या होत्या, माहीत नसताना.

“ते मला माहीत नाही,” मावशी म्हणाल्या. “वास येत नव्हता, आणि तुम्ही सांगितलंत तरी मी हात लावला नाही. चांगलं होतं की नव्हतं ते तुम्हालाच माहीत. मला कळलं नव्हतं आणि मी परत म्हटलं, एवढंच मी सांगू शकते.”

बाईने पहिल्यांदाच मान वर केली. सवयीने मावशी तिचं तोंड वाचायला गेल्या आणि मध्येच थांबल्या.

“रागावलात का माझ्यावर?” त्यांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली, आणि रिकामा कॅन उचलून गेली.