वांदरानं नेलेली दोन प्रकरणं

लग्न होऊन मी नागपूरला आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांची नजर जवळजवळ गेली होती. काचबिंदूनं. ते जंगल खात्यातून निवृत्त झालेले, सारी नोकरी मेळघाटात आणि चांद्याकडच्या रानांत काढलेली. आता महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत ते दिवसभर खिडकीशी बसत. त्यांना मी मामाजी म्हणे आणि सासूबाईंना आत्याबाई. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती.

एका दुपारी मामाजींनी मला ट्रंकेतून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढायला लावलं. शाळेत बक्षीस मिळालेलं. एकोणिसाव्या शतकातली कादंबरी होती. दोन भाऊ आणि एक म्हातारा शिकारी होडीत बसून एका अफाट नदीनं उत्तरेच्या रानात शिरतात, अशी गोष्ट. लेखकही भटक्याच. तरुणपणी घर सोडून समुद्रापार गेला, तिथले मुलूख पायी तुडवले आणि मग परत येऊन लिहायला बसला, असं प्रस्तावनेत होतं.

"मी अर्ध्यातच सोडलं होतं," मामाजी म्हणाले. "तवा इंग्रजी झेपे ना. मंग नोकरी लागली. तू वाचून दाखवशीन काय?"

मी इंटरपर्यंत शिकलेली, पण माझं इंग्रजी परीक्षेपुरतंच. एक परिच्छेद मनात वाचायचा आणि मराठीतून सांगायचा, असं सुरू केलं. मामाजी मान वर करून ऐकत. ओल्या मातीत अस्वलाचे पंजे उमटलेले दिसतात तिथे त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

आत्याबाई पलीकडे चटईवर, आमच्याकडे पाठ करून पडलेल्या असत. त्या खापा गावच्या. शाळेत कधी गेलेल्या नव्हत्या. मला वाटे, झोपल्यात. एक दिवस तिकडूनच त्यांनी विचारलं, "त्या पोरायची माय कोठी हाय वं?"

मी मागची पानं चाळली. आईचा कुठे उल्लेखच नव्हता. "लिहिलं नाही, आत्याबाई."

"अन् ज्यानं हे लिवलं, त्याची माय?"

प्रस्तावनेतही काही नव्हतं. मी तसं सांगितलं.

हिवाळ्यात पुस्तक संपत आलं. शेवट उघड्यावर बसून, झाडांचा वारा खात ऐकायचा, असं मामाजींच्या मनात आलं. आम्ही तिघं एसटीनं रामटेकला गेलो. गडावर दर्शन घेतलं, एका भिंतीच्या सावलीत बसलो. मी पुस्तक काढायला पिशवी उघडली. आत नारळ आणि फुटाणेही होते. कधी मागून वांदर आलं ते कळलंच नाही. पिशवी ओढून ते भिंतीवर चढलं. फुटाणे खाल्ले, नारळ टाकून दिला आणि पुस्तक निवांत फाडायला घेतलं. पानं दरीत उडत गेली. एका माणसानं काठी आपटली तेव्हा उरलेलं पुस्तक खाली पडलं. शेवटची दोन प्रकरणं गेली होती.

मला रडू येत होतं. मामाजी म्हणाले, "जाऊ दे बाई. माह्या नशिबात हे पुस्तक पुरं होनंच नाही."

आत्याबाई खाली अंबाळ्याच्या तळ्याकडे पाहत होत्या. "पुढचं सांगू काय मी?" त्यांनी विचारलं आणि कोणी हो म्हणायच्या आत सांगू लागल्या.

"ते घरी आले. माय दारात उभी होती. तिनं दोघायच्या आंगावरून हात फिरवून पायला, कोठी लागलं तं नाही. मंग चुलीवर पानी ठेवलं. पोरं सांगून राहिले, नदी अशी होती, अस्वल असं होतं. तिले काहीच आयकू येत नव्हतं. तिले वाटे, हे खरंच आले काय?"

मामाजी म्हणाले, "मी यायचो तवा तुले असं वाटे?"

"पावसाळाभर तुमचा निरोप नसे. पोरगं तापानं फणफणून राहिलं असे. कोनाले इचारू मी? तुमी येत, जेवत, झोपत अन् परत जात. तिकडं काय करता, कवा सांगतलं नाही."

"तू कवा इचारलं नाही."

"इचारलं असतं तं तुमचा पाय निंगाला असता काय घरातून?"

पायऱ्या उतरताना मामाजी नेहमी माझा खांदा धरत. त्या दिवशी त्यांनी चाचपडत आत्याबाईंचा धरला. त्या इकडे तिकडे पाहत लाजल्या, पण खांदा काढून घेतला नाही.

घरी आल्यावर दुपारचं वाचन बंद पडलं. मामाजीच बोलू लागले. आत्याबाई आता चटईवर उठून, त्यांच्याकडे तोंड करून बसत. रानातली गळकी चौकी, पुरात वाहून गेलेला शिधा, वाघाच्या भीतीनं झाडावर काढलेली रात्र. आत्याबाई मध्येच अडवत. "अन् मंग जेवले कायच्या संगं?" कधी खरोखर रागवत. "तापात कशाले गेले गस्तीले? बुद्धी हाय का नाही?" तो ताप येऊन गेल्याला वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. मामाजी खाली मान घालून ऐकून घेत आणि मला ते फार सुखात दिसत.

काही वर्षांनी ते गेले. शेजारणी भेटायला येत, तेव्हा आत्याबाई त्यांना मेळघाटातली ती चौकी सांगत. नाला कुठून वळतो, मोहाचं झाड कुठल्या अंगाला आहे, पावसात दार कसं फुगतं आणि खांद्यानं कसं ढकलावं लागतं. एका शेजारणीनं मला हळूच विचारलं, "तुह्या सासूबाई बी तिकडंच राहत होत्या काय वं?"

मी हो म्हटलं.