रिकाम्या हंड्याची रीत

साखरपुड्याला येताना रिकामा हंडा आणावा, अशी आमच्या घराण्यात रीत आहे. ही रीत एका शनिवारी दुपारी मी मोबाईलवर, उजव्या अंगठ्याने सुरू केली. हे आजवर कुणालाही, अगदी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तेव्हा नळाला करंगळीएवढं पाणी यायचं. सोमवारी वॉर्ड ऑफिसवर हंडा मोर्चा न्यायचं ठरलं. मीटिंगमध्ये मी कधी तोंड उघडत नाही, म्हणून सेक्रेटरी म्हणाले, "सावंत, तुम्ही बोलू नका, टाईप करा!" वार-वेळ बोर्डावर लागलीच होती. मी फक्त सूचना लिहिल्या : 'येताना प्रत्येकाने एक रिकामा हंडा आणावा. बायकांनी पुढे राहावे. गेटवर जोरदार घोषणा द्याव्यात. व्हिडिओ काढून जमेल तिथे टाकावा.' आणि दिलं पाठवून. सोसायटीच्या ग्रुपवर नव्हे, 'प्राचीचा साखरपुडा' या ग्रुपवर!

प्राची माझी मुलगी. साखरपुडा रविवारी, सोसायटीच्याच हॉलमध्ये. नवऱ्या मुलाच्या, रोहनच्या आईला आम्ही आधीच जरा विचित्र वाटत होतो. आणखी काही वेडंवाकडं घडलं तर जमलेलं मोडेल, या धास्तीने पोरीचं जेवण सुटलं होतं. ग्रुपवर दोन्हीकडच्यांनी अंगठे टाकले. (मीही न वाचता एक टाकला.)

रविवारी सकाळी भांडुपचे माझे मेव्हणे, भाई, तांब्याचा हंडा खांद्यावर घेऊन गेटवर हजर!

"भावजीनू, हंडो खंय ठेवू?"

"कसलो हंडो?"

"मुलाकडची पद्धत आसतली. इचारूचा नाय! सोयरीक तुटता!"

मी फोन उघडून बघितला, तर मोर्चाच्या माझ्याच सूचना आणि खाली माझाच अंगठा! तेवढ्यात बोरिवलीहून मुलाकडची बस आली. प्रत्येक पैठणीच्या कडेवर एक हंडा! कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना ती मुलीकडची पद्धत वाटली होती.

"घोषणा कुठल्या द्यायच्या ते नाही कळवलंत," रोहनचे काका म्हणाले.

"आपापल्या... आवडीने," मी म्हणालो.

काकांनी मूठ वर केली. "प्राची-रोहनचा विजय असो!" सगळे सगळ्यांचे व्हिडिओ काढायला लागले. वर गॅलरीत सोसायटीवाले. "अरे, मोर्चा आजच?" पाच मिनिटांत तेही गाऊनवर ओढण्या टाकून, बादल्या घेऊन खाली! "पाणी द्या! पाणी द्या!" काका घाबरून ओरडले, "अरे, यांना कुणीतरी पाणी द्या रे!" आणि बाटल्या वाटत सुटले.

विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "सावंत, खरं सांगा. ही काय भानगड आहे?"

समोर प्राची उभी. रडायच्या बेतात. आणि मी, जन्माचा मुका, तोंड उघडलं. "आमच्या घराण्याची रीत आहे. हंडा रिकामा यायचा आणि आमच्या घरून भरून जायचा."

विहीणबाईंचे डोळे पाणावले. "किती सुंदर हो! मग... भरा ना!"

वाट लागली! भरू कशाने? पण एव्हाना पैठणीतल्या हंडा मोर्चाचे व्हिडिओ सगळ्या मुलुंडभर फिरले होते. अंगठ्या घालून होतात न होतात तोच गेटवर टँकर! कुणी पाठवला, देव जाणे. सोसायटीवाल्यांनी बादल्या सरसावल्या. मी हात आडवा केला. "आधी पाहुणे!" अख्खा टँकर हंड्याहंड्यांनी बसमध्ये चढला आणि हिंदकळत बोरिवलीला गेला. सोसायटीने माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे लिहू शकत नाही. सोमवारच्या मोर्चात मी सगळ्यात पुढे, दोन हंडे घेऊन. (शिक्षा!)

लग्न झालं, प्राची सुखात आहे. त्यांच्या नात्यागोत्यात मात्र रीत भलतीच पसरली. गेल्या महिन्यात गोरेगावला एका साखरपुड्याला गेलो, तर दारातच एका अनोळखी आजींनी अडवलं.

"हंडा कुठाय?"

"राहिला हो."

"शहरात राहून सगळं सोडलंत तुम्ही लोकांनी! अहो, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे ही!"

मी मुकाट्याने वाकून नमस्कार केला आणि समोरच्या दुकानातून एक हंडा विकत घेऊन आलो.