ताईबाई ओट्यावरून पडली

धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना बोरी नदीकाठची जी चार-सहा गावं लागतात, त्यांतल्या एका गावात ताईबाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी प्रमिला पारोळ्याला दिलेली. एरवी ताईबाई कापूस वेचायला जायची, पण लग्नसराईत तिचा थाट वेगळा. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, खापरावरचे मांडे तिच्याच हातचे लागत. नवरीचा मामा रुसून घरी बसला तर बसू देत, ताईबाई आली पाहिजे, असं लोक चेष्टेत म्हणायचे आणि तिथी पक्की करण्याआधी खरोखरच तिला विचारून जायचे.

पुरण भरलेला उंडा ती तळव्यावर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर असा फिरवायची की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरायचा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायची. शेजारी बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहायच्या. मांडा कधी फाटला नाही. ताईबाईला गर्व होता, आणि का नसावा? रांडावल्या बाईला मानानं बोलावणं येतं ते कशासाठी? तिच्या हातांसाठी येत होतं.

खापर मात्र ती स्वतःचंच न्यायची. दुसऱ्याच्या खापरावर तिचा विश्वास नव्हता.

एकोणनव्वद सालच्या मार्गशीर्षात जावयाच्या बहिणीचं, सोनीचं लग्न निघालं. सुकदेव जावई स्वतः सासूला न्यायला आला, तेही जीप घेऊन. जीप त्याच्या चुलत्याची, मागून आणलेली. चालवायला तो तीन महिन्यांपूर्वी शिकला होता आणि लायसन काढायचं राहून गेलं होतं. ताईबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. जावई जीपनं न्यायला आला, एवढ्यानंच तिला भरून आलं. कारण याच जावयानं मूलबाळ होत नाही म्हणून प्रमिलाला वर्षभर माहेरी आणून टाकलं होतं. पाच पंचांनी हातापाया पडून आदल्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, तिला परत पाठवलं होतं. तेव्हापासून जावई नुसता हसला तरी ताईबाईला सणासारखं वाटायचं.

ती पुढच्या सीटवर बसली. गोधडीत गुंडाळलेलं खापर तिनं दोन्ही हातांनी मांडीवर धरलं. समोर दांडा होता, पण दांडा धरायचा तर खापर सोडावं लागलं असतं.

कापसानं लादलेला एक ट्रक पुढे चालला होता. सुकदेवला तो मागे टाकायची घाई. समोरून एस.टी. आली, त्यानं जीप झटक्यानं बाजूला घेतली आणि ती रस्त्याखालच्या नाल्यात एका अंगावर आडवी झाली. ताईबाई बाहेर फेकली गेली, तिचा उजवा हात खापरासकट खालच्या चिखलात आणि वर जीपचा भार. दोघा वाटसरू गाडीवानांनी बैल जुंपून जीप सरळ केली, ताईबाईला ओढून काढलं आणि ते आपल्या वाटेनं गेले. खापराचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

सुकदेवला खरचटलंही नव्हतं, पण तो लहान पोरासारखा रडत तिच्या पायांशी बसला.

"मामी, मना हाते चूक व्हई गयी. लायसन नही शे मनाजोडे. पोलीस जीप लई जातीन, माले आत टाकतीन. सोनीनं लगीन मोडी जाई." मग जरा थांबून तो म्हणाला, "दवाखानामा सांगा, वट्टावरथीन पडनू. प्रमिलासाठे सांगा, मामी."

प्रमिलाचं नाव त्यानं उगाच नाही घेतलं. ताईबाईला दुखण्यानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी हिशेब तिला तत्काळ कळला. जावई आत गेला तर सासरचे म्हणतील, सुनेच्या आईनंच त्याला आत घातला. पांढऱ्या पायाची म्हणून पोर पुन्हा दारात येऊन पडेल आणि या वेळी कायमची. तिनं मान हलवली.

तिथून तडक धुळं गाठायला हवं होतं. पण जावयाचं डोकं भलतंच चाललं. त्यानं जीप आधी गावात घेतली. भर दुपारी सगळं गाव कापूस वेचायला रानात. त्यानं सासूला तिच्याच घराच्या दोन हात उंच ओट्याखाली नेऊन बसवलं आणि मग बोंब ठोकली, की मामी पडल्या! शेजारची यशोदाबाई घरीच होती, ती धावत आली.

"काय व्हयनं वं, ताईबाई?"

"वट्टावरथीन पडनू," ताईबाई म्हणाली. पहिल्यांदा ती तेव्हा म्हणाली.

यशोदाबाईनं आंबेहळदीचा लेप लावला, गरम वीट फडक्यात गुंडाळून शेकलं. धुळ्याच्या दवाखान्यात पोचेतो दिवस कलला होता.

डॉक्टर भला माणूस होता. कशानं लागलं, विचारलं. ओट्यावरून पडल्या, असं जावयानं सांगितलं आणि सासूनं मान डोलावली. ओट्यावरून पडलेली बाई हात टेकते आणि मनगट मोडते, असल्या बाया त्यानं किती पाहिल्या असतील. मनगट मोडलं होतंच. त्यानं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. खांदाही फार दुखतो, असं ताईबाई म्हणाली, पण मुका मार असेल, उतरेल हळूहळू, असं तो म्हणाला. त्याला कोण दोष देणार? त्याच्यापुढे जीपची गोष्ट कुणी आणलीच नाही.

लग्न थाटात झालं. मांडे दुसऱ्या कुणीतरी केले, फाटके-तुटके झाले, वऱ्हाडी जेवून गेले. दवाखान्यातून घरी परतल्यावर सुकदेवनं प्रमिलालाही ओट्याचीच गोष्ट सांगितली. जीपच्या पोचा आलेल्या पत्र्याबद्दल त्यानं चुलत्याला बाभळीचं नाव सांगितलं.

दीड महिन्यानं प्लास्टर कापलं, तेव्हा हात खाली लोंबला. बोटं हलेनात, खांदा उचलेना. डॉक्टरनं सुई टोचून पाहिली, ताईबाईला कळलंसुद्धा नाही. त्याचा चेहरा बदलला.

"बाई, दोन हात उंच ओट्यावरून पडून खांद्याच्या नसा अशा जात नाहीत. अंगावर काही पडलं होतं का? गाडी? बैल? खरं सांगा. मला तेव्हाच कळलं असतं तर मी पहिल्या आठवड्यात तुम्हाला मुंबईला पाठवलं असतं. अजूनही धावपळ करून बघता येईल, पण काय झालं ते मला नीट कळायला हवं."

सुकदेव दाराशी उभा होता. ताईबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही, त्याच्या चपलांकडे बघितलं. प्रमिलाला दिवस गेले होते, ते आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. आता कुठे पोरीचं नशीब उघडत होतं. पोरीवर माया करावी, पण अशी? या बाईला तिथं कुणी तरी गदागदा हलवायला हवं होतं. कुणी हलवलं नाही.

"वट्टावरथीनच पडनू, डाक्टर," ती म्हणाली.

डॉक्टरनं मुंबईच्या चिठ्ठीसाठी घेतलेला कागद हताशपणे बाजूला सारला आणि तेल चोळायला सांगितलं.

पुढच्या महिन्यांत ताईबाईचं जिणं हळूहळू आटत गेलं. कापूस वेचता येईना, डाव्या हातानं वेणीही घालता येईना. लग्नाची बोलावणी थांबली. लोक भेटले की हळहळायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, म्हातारी जरा धांदरटच. रात्री तो थंडगार हात ती डाव्या हातानं उचलून पोटाशी घ्यायची आणि रडायची. दुखला असता तरी चाललं असतं, असं तिला वाटायचं.

आखाजीला प्रमिला माहेरी आली. पोट दिसू लागलं होतं. गल्लीत झोके बांधले होते, पोरींची गाणी चालली होती. मांडे प्रमिलानं करायला घेतले, आईच्याच खापरावर. पहिला फाटला, दुसरा फाटला. ताईबाई शेजारी बसून तोंडानं सांगत होती, असा फिरव, तसा सोड. पण ते सांगून येत नव्हतं. तिसरा मांडा चुलीत पडला तेव्हा प्रमिला वैतागली.

"जरा देखीसन उतरनी व्हती ते आज हाऊ दिन उनता का, माय?"

ताईबाईचा इतक्या दिवसांचा बांध तिथं फुटला. सगळ्या जगानं म्हणावं, पण हिनं?

"मी वट्टावरथीन नही पडनू, प्रमिला. जीप उलटनी व्हती. जवाईसनी जीप."

प्रमिलाचे हात थांबले. पण तिला नवल वाटलं नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "त्यासनी माले आधीच सांगेल शे. तुनी माय येक दिन मनं नाव ली, आसं."

"मी तुनासाठेच खोटं बोलनू, पोरी!"

"डाक्टरनी दोनदाव इचारं. दोनदाव तूच वट्टा सांगा ना?" प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिचा हात पोटावर गेला होता. "आते मना संसार मोडशी का, माय?"

तिला खरं कळलं होतं की नाही, देव जाणे. कळलं असलं तरी तिला ते नको होतं. विचारणारे दोनदा आले होते, तेव्हा दोनदा ताईबाईनंच दार लावून घेतलं होतं, आणि जिच्यासाठी लावलं ती आता आतून कडी घालून बसली होती.

तेवढ्यात यशोदाबाईकडे नुकतीच लग्न होऊन आलेली नवी सून ताट घेऊन दारात आली. मांड्यांचा वास आला म्हणाली. तिची नजर ताईबाईच्या लोंबत्या हातावर गेली.

"हात काय व्हयना वं, मावशी?"

प्रमिलानं आईकडे बघितलं. पुढचा उंडा परातीत तसाच होता.

"वट्टावरथीन पडनू, माय," ताईबाई म्हणाली.

प्रमिलानं श्वास सोडला आणि उंडा हातावर घेतला.