सुरण कोणाचा

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं तेव्हा मी महिनाभर आईच्या मागे लागले होते. ती हॉलमधून खिडकीपर्यंत जायची आणि "झालं माझं चालून" म्हणायची. मग घाटकोपरहून माझी धाकटी बहीण आली, माझ्या जुन्या फोनमध्ये तिने एक खेळ घालून दिला, आणि दुसऱ्या दिवशी आई चपला घालून सोसायटीच्या बागेत हजर. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

खेळ असा, की चालता चालता फोनमध्ये चित्रविचित्र प्राणी दिसतात. ते पकडायचे, पाळायचे, वाढवायचे. आगीचे, पाण्याचे, दगडाचे, हवे तसले. आईला फक्त झाडांचे हवे असत. एकाच्या पाठीवर गड्डा, एकाला शेपटीच्या जागी वेल, एक म्हणजे डोळे फुटलेलं भोपळ्याचं फूल. नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत कुंडीला जागा नाही, म्हणून बहुतेक तिने फोनमध्येच बाग लावली. दिवेलागण झाली की मात्र ती त्यांतल्या एकालाही हात लावायची नाही. "झोपलेत ते," म्हणायची. स्क्रीनवर कितीही दुर्मिळ वेल नाचू दे, फोन पालथा.

त्यांत एक कंद होता, अंगाने खडबडीत, डोक्यावर अळूसारखी दोन पानं. आई त्याला सुरण म्हणायची. त्याला सोबत घेऊन पुष्कळ चाललं की तो फुलतो, असा नियम. आईचे गुडघे कुठवर पुरणार? तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. ऑफिसला जाताना जुना फोन माझ्या पर्समध्ये. वाहनात बसलं की खेळ ते अंतर धरत नाही, पायीच जावं लागतं, म्हणून मी स्टेशनपर्यंतची रिक्षा सोडली. मे महिन्याच्या उन्हात छत्री धरून चालले. सुरुवातीला कटकट वाटायची. मग रस्ता ओलांडायला थांबले की पर्स उघडून बघायला लागले. सुरण पानं हलवायचा. मला बघून एवढं खूश होणारं दिवसभरात दुसरं कोणी भेटत नव्हतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

एका शनिवारी भाजी घ्यायला गेले आणि भाजीवालीच्या समोरच तो फुलला. डोक्यावर हे एवढं जांभळं फूल. कोथिंबीर तिथेच विसरून मी घरी आले. आईने फोन दोन्ही हातांत धरला, डोळे भरून बघितलं आणि म्हणाली, "झकास! उद्या धाकटी येतेय ना, तिला देऊया."

मला वाटलं, चेष्टा करतेय.

लग्न झालेली मुलगी आमच्याकडून रिकाम्या हाताने जात नाही. ओटी भरायची, डब्यात लाडू, पिशवीत लोणचं आणि कढीपत्ता. घाटकोपर काय सातासमुद्रापार आहे? पण ती दर महिन्याला येते आणि दर महिन्याला सासरी निघते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे मी कधी निघतच नाही. आईने मला बांधून दिलेली वस्तू म्हणजे ऑफिसचा डबा, आणि त्यातली भाजीही बहुतेक वेळा मीच केलेली.

रविवारी धाकटी आली. गप्पांत तिला निघायला अंधार झाला. आईने लगेच नियम काढला, "दिवे लागलेत. आता झाड घराबाहेर जायचं नाही. राहा आजच्या दिवस." ती राहिली. माझ्या पलंगावर ती, खाली गादीवर मी. सकाळी आईने तिला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, आणि मग दोघी फोनला फोन लावून बसल्या. या खेळात एकदा दिलेला प्राणी परत घेता येत नाही.

"ताई, तुला चालेल ना गं?" धाकटीने विचारलं. बोट बटणावर होतंच.

"मला काय विचारतेस? आईचा आहे तो."

सुरण गेला. तिच्या फोनमध्ये पोचल्यावर त्याने पानं हलवली, मला बघून हलवायचा अगदी तशीच. माझा जळफळाट झाला. बहिणीचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या सुरणाचा.

ती गेल्यावर मी आईला म्हणाले, "त्याला मी चालवलं होतं. मलाही कधीतरी काहीतरी दे ना."

आईला खरंच कळलं नाही. ओटीतून सांडलेले तांदूळ वेचता वेचता म्हणाली, "तुला काय द्यायचं? तू कुठे जातेस? जे आहे ते तुझंच आहे की गं."

सगळं माझं, आणि हातात काही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले तर आईने दारातच जुना फोन पुढे केला. स्क्रीनवर नवा कंद होता, पानं अजून मिटलेली. "कालच बागेत सापडला," ती म्हणाली. "चालवून आण हं रोज. धाकटी दिवाळीला येईल तोवर फुलायला हवा."

मी फोन घेतला, पर्समध्ये टाकला, चेन लावली. गेटबाहेर आले, रिक्षाला हात केला आणि स्टेशनपर्यंत बसून गेले.