पहिला तुकडा

देवाने आधी म्हैस घडवली आणि तिची निगा राखायला कुणीतरी हवे म्हणून नंतर माणूस, असे मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी बडोद्यात पाहिले, ते माझे साडू. नोकरी रेल्वेत, घर गोत्रीला, दारात साधी शेळीही नाही. पण जीव सगळा सावली तालुक्यातल्या गोठ्यांत. कुणाकडे चहा आला की आधी विचारायचे, "दूध कुठलं?" उत्तर पटले नाही तर कप तसाच. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत त्यांनी पनीर बोटांत दाबले आणि व्याह्यांसमोर ओरडले, "साडूबुवा, यानं पेन्सिलीचं खोडता येईल!" तेव्हापासून व्याही आम्हाला जेवायला बोलावताना दहादा विचार करतात.

सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून त्यांनी उरल्या दुधाचे पनीर करणाऱ्यांचा संघ उभा केला. नियम एकच, पण भयंकर: बैठकीला ज्याने त्याने आपले पनीर आणायचे आणि सर्वांदेखत पहिला तुकडा स्वतः खायचा. एकदा एका चतुर सभासदाने हात जोडले, "साहेब, आजे मारे उपवास छे." साडू म्हणाले, "पनीर उपासाला चालतं. खा." बिचाऱ्याने खाल्ले, आणि शेजाऱ्याने न विचारताच पाण्याचा लोटा पुढे केला.

पुढे संघ वाढला, अध्यक्ष मोटारीतून येऊ लागले, आणि मोटारीतून येणाऱ्यांना असे चारचौघांत खाणे जमत नाही. नियम गेला, साडू 'सल्लागार' झाले, म्हणजे त्यांना काही विचारायचे नाही असे ठरले. रौप्यमहोत्सवात संघाचा इतिहास सांगायला मला बोलावले. मी निवृत्त मास्तर, आणि मला शाल आवडते. मी संघाचा जन्म बेधडक अध्यक्षांच्या वडिलांच्या ओट्यावर घडवला. साडू 'काही हौशी मंडळीं'त गेले. पहिल्या रांगेत बसून टाळ्या मात्र त्यांनीच जोरात वाजवल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "भाषण छान झालं, साडूबुवा. पहिला तुकडा खाल्लात ना?"

मी हसण्यावारी नेले. आता ते नाहीत, आणि संघातली नवी माणसे माझ्याच भाषणाचा दाखला देऊन ओट्याला हार घालतात. म्हणून सांगतो: त्या ओट्यावर काहीही घडले नव्हते. संघ माझ्या साडूंनी उभा केला.

हे छापायला देण्याआधी स्वतःच मोठ्याने वाचून पाहिले. तोंड वाकडे झाले. हल्ली पानात पनीर आले की मीही ते बोटांत दाबतो. त्यातले मला काही कळत नाही, आणि शेजारून कुणी ओरडतही नाही.