तात्यांची हाळी आणि माझ्या कॅटेगऱ्या

"अगंऽ, दोन ताटं! दिवस मावळतोय!"

तात्या गल्ल्यावरून ओरडले आणि सगळं हॉटेल त्यांच्याकडे बघायला लागलं. ओरडले कसले, घशातून खरखर आली. मिरजेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पुन्हा ओरडलात तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं होतं. त्यासाठीच तर मी बसवलेला कॉम्प्युटर त्यांच्या पुढ्यात होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत मी हॉटेलांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून द्यायचो. तात्यांचं शाकाहारी हॉटेल एसटी स्टँडजवळ. ते गल्ल्यावर आणि त्यांच्या पत्नी, आक्का, आत किचनमध्ये. मध्ये भिंत. वेटर ऑर्डर गल्ल्यावर सांगायचा आणि तात्या ती हाळी देऊन आत कळवायचे. आता हाळीऐवजी त्यांनी नंबर दाबायचा, की आतल्या प्रिंटरमधून स्लिप बाहेर.

सॉफ्टवेअरमध्ये मेनूच्या कॅटेगऱ्या कराव्या लागतात. कॅटेगरी म्हणजे खण. मिसळणाच्या डब्यात जिरं एका वाटीत, मोहरी दुसरीत, तसं. मी चहा-कॉफी, नाश्ता, जेवण आणि गोड असे खण केले होते. जे पटकन होतं त्याची स्लिप आधी, ताटांची नंतर. तात्यांनी मान डोलावली होती. दिवसभर सगळं झकास चाललं.

संध्याकाळी चहाची गर्दी उसळली. त्यात मार्केट यार्डातले एक वयस्कर जैन व्यापारी पत्नीला घेऊन आले. नेहमीचं गिऱ्हाईक. सूर्यास्तानंतर ती दोघं काही खात नसत. तात्यांनी नंबर दाबला, पण ताटांची स्लिप चहाच्या स्लिपांमागे अडकली. आत आक्कांना पत्ताच नाही. दारातला उजेड कमी होताना बघून तात्यांना राहवलं नाही. ते ओरडले, पण ताटं आली तोवर उशीर झाला होता.

"असू दे तात्या," व्यापारी उठत म्हणाले. "दिवस गेला. आता पाणीबी नको. तुमी घसा जपा." हात जोडून दोघं उपाशी गेली.

आक्का हातात पळी घेऊनच बाहेर आल्या.

"आधी तुमचं ते मशीन उचला!"

"आक्का, प्रोग्राम बरोबर आहे. जेवणाच्या स्लिपा चहानंतरच..."

"बरोबर हाय, तर मग माणसं उपाशी का गेली?"

तात्यांनी खुणेनं सांगितलं, उद्यापासून मीच हाळी देतो. आक्कांचा सगळा राग उतरला आणि त्या रडवेल्या झाल्या. "व्हय, द्या हाळी. आन् मग जलमभर मुकं बसा. मी कुनाशी बोलू?"

मला गलबलून आलं. मी विचारलं, "आक्का, तात्या हाळी द्यायचे ती नेमकी कशी?"

त्या बाकावर टेकल्या, तात्यांकडे बघितलं आणि थेट त्यांचा सूर लावला. "दोन ताटंऽ, दिवसाचीऽ!" म्हणजे जैन मंडळी. कांदा, लसूण, बटाटा नको आणि सूर्य असेपर्यंत पानावर. "एक मिसळऽ, गाडीचीऽ!" म्हणजे एसटी सुटायला आली, गिऱ्हाईक उभ्यानं खाणार. "एक भातऽ, मऊऽ!" म्हणजे म्हातारं नाहीतर आजारी माणूस. "तीन चहाऽ, गप्पांचंऽ!" म्हणजे सावकाश चालेल.

नक्कल इतकी हुबेहूब, की वेटरही फिदीफिदी हसले. तात्यांचे खांदे हलत होते. आवाज न करता हसत ते पंच्यानं डोळे पुसत होते.

मी तिथंच बसून सगळ्या कॅटेगऱ्या पुसल्या. स्क्रीनवर आधी विचारायचं, खाणारा कोण? दिवसाचं, गाडीचं, मऊ, निवांत. पदार्थ त्यानंतर. आणि दिवसाच्या स्लिपेनं सगळी रांग ओलांडून पुढं जायचं.

ते व्यापारी पुन्हा आले त्या संध्याकाळी मी मुद्दाम हजर होतो. कॉलेजच्या परीक्षेलाही माझी इतकी धाकधूक झाली नव्हती. तात्यांनी एक नंबर दाबला. आत प्रिंटर किरकिरला. आक्का स्वतः ताटं घेऊन आल्या. दोघं जेवण संपवून पाणी प्यायली तेव्हा रस्त्यावर अजून ऊन होतं. तात्या तोंडातून चकार शब्द न काढता बसले होते. मला फार बरं वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतकं.

तेव्हापासून नव्या हॉटेलात गेलो की मी मेनूकार्ड नंतर मागतो. आधी गल्ल्यापाशी चहा घेत ऑर्डर कशी सांगतात ते ऐकतो. वेळ जातो, पण दुसऱ्यांदा हेलपाटा पडत नाही.

काही महिन्यांनी तात्यांचा आवाज परत आला, थोडा बारीक. मला वाटलं, आता मशीन अडगळीत जाणार. मी आक्कांना तसं म्हटलंही.

"काय नको," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं ह्यांचा आवाज गिऱ्हाइकांनीच खाल्ला. आता उरलाय तेवढा माझा."

तात्या गल्ल्यावर होते. त्यांनी मुकाट्यानं नंबर दाबला.