एकीकडे सर

कॉलेजात त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. पोरांनी त्यांना ‘एकीकडे सर’ करून टाकलं होतं आणि ते शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. सर तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांचं कुठलंही वाक्य ‘एकीकडे’नं उठायचं आणि ‘दुसरीकडे’वर जाऊन बसायचं. कॅन्टीनवाल्यानं चहा की कॉफी विचारलं तरी हा माणूस तिथंच थबकायचा. मग कॅन्टीनवालाच चहाचा कप पुढं सरकवून मोकळा व्हायचा.

त्यांचा गाजलेला तास एकच. फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढायची, डावीकडे लिहायचं कन्फ्यूशियस, उजवीकडे पश्चिम, आणि वर प्रश्न, माणसाला माणूसपण येतं कशानं? डावी बाजू सांगताना सर आवाज खाली आणायचे. सुटा माणूस असा नसतोच, म्हणायचे. तो कुणाचा तरी लेक असतो, कुणाचा भाऊ, कुणाचा बाप. ही नाती निभवायची रीत अंगात मुरवावी लागते, आधी हातानं करायचं, मग मन मागनं येतं. मनापासून वाटेल तेव्हा करीन म्हणून बसलेल्याला जन्मात कधी वाटत नाही. मग खडू घेऊन उजवीकडे जायचे आणि तिथं आवाज चढायचा. आधी माणूस, मग नाती. स्वतःच्या अकलेनं पाऊल टाकायला जो शिकला नाही तो पन्नाशीतही पाळण्यातच. कुणी सांगितलं म्हणून केलेल्या चांगुलपणात कसलं आलंय चांगुलपण?

पोरं आधी डावीकडे माना डोलवायची, मग उजवीकडे. मधेच सर त्या चिनी गुरूची गोष्ट सांगायचे. शिष्य विचारतो, आईबाप गेल्यावर तीन वर्षं सुतक पाळणं जरा जास्तच होतं, वर्षभर पुरे नाही का? गुरू म्हणतो, तुझ्या मनाला चालत असेल तर तसं कर. शिष्य उठून गेल्यावर मात्र गुरू बाकीच्यांना म्हणतो, काय दगड आहे हा, ह्याला काय तीन वर्षं आईबापांनी कडेवर वागवलं नव्हतं? सर म्हणायचे, बघा, इथं पूर्व आणि पश्चिम एकमेकांना शिवतात, त्या गुरूनंही निर्णय ज्याच्या-त्याच्या मनावर सोडला. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग पाठीमागं शिव्या कशाला घातल्या? वर्ग हसला. सरही हसले आणि पुढं गेले.

शेवटी कुणीतरी विचारायचंच, सर, तुमचं स्वतःचं काय? तेवढ्यात घंटा व्हायची. सर तास तसा बेतूनच आणायचे.

त्यांचं स्वतःचं काय, ते त्यांच्या बापाच्या गिरणीत ठरलं होतं. बाप पिठाच्या गिरणीवाला, भुवयांपर्यंत पांढरा. पट्ट्याच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून हातानंच हुकूम करायचा, आणि घरी आला तरी त्याचा तो हात खाली यायचा नाही. कुठली शाळा, कुठली बायको, कुणाच्या पुढं वाकायचं, सगळं त्या हातानं ठरलं. म्हाताऱ्याचं शेवटचं सगळं ह्याच लेकानं केलं. अंग पुसलं, भांडं धरलं, कधी ब्र काढला नाही. पण तेव्हाच मनाशी गाठ मारली होती की आपल्या पोरावर आपण असा हात उचलायचा नाही. मारायला तर नाहीच, दाखवायलाही नाही.

पुढं एकच मुलगी झाली. तिला त्यांनी कधी ‘हे कर’ म्हटलं नाही. पाहुण्याच्या घरी जायचं नसेल तर नको जाऊस. मावशीशी बोलावंसं वाटत नसेल तर नको बोलूस. बायको कपाळाला हात लावायची. ‘‘अहो, पोरगी आहे का भाडेकरू?’’ म्हणायची. सर म्हणायचे, तिला तिचं ठरवू दे.

तिनं ठरवलं. पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर झाली आणि परदेशात नोकरी धरली. निघायच्या आदल्या दिवशी आईनं तिच्या बॅगेवर हात ठेवून जाऊ नकोस म्हटलं. पोरगी भडकली, म्हणाली तू माझ्या पायातली बेडी आहेस. आणि सर, जे कधी कुणाची बाजू घेत नसत, त्यांनी त्या दिवशी घेतली. बायकोला म्हणाले, ती माणूस आहे, तुझी म्हातारपणाची काठी नव्हे. त्यानंतर बायकोनं त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

सर रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत बायकोची डावी बाजू गेली. स्वयंपाकघरात उभी होती, हातातलं पातेलं सुटलं आणि पाठोपाठ तीही. जीभ तेवढी वाचली, थोडी जड झाली इतकंच. पोरगी रजा काढून धावत आली आणि आल्या-आल्या कामाला लागली. आईचं न्हाणं, औषधं, पलंगाच्या कडेला लोखंडी दांडी बसवून घेणं, सगळं नीट केलं. सर नुसते दारात उभे राहायचे, कुणाच्या तरी पायात पायात यायचे.

रजा संपत आली तसं पोरीनं सांगितलं की कंपनीची ह्याच शहरात एक जागा निघाली आहे. पगार, हुद्दा दोन्ही खालचे, पण मिळेल. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. तिनं हे ताटात बघत सांगितलं आणि उठून गेली.

बायकोनं त्याच दुपारी नवऱ्याला जवळ बोलावलं. म्हणाली, ‘‘तिला थांब म्हणा.’’

सर म्हणाले, तूच सांग की.

‘‘माझं तोंड तुम्ही दोघांनी शिवलंय. आता तुमचं वापरा.’’

सर बरं म्हणाले. खरंच म्हणायचं होतं त्यांना. शनिवारभर ते पोरीच्या मागं मागं फिरले. ती कपडे वाळत घालत होती तर हे चिमटे हातात घेऊन उभे. ती औषधं आणायला निघाली तर हे कोपऱ्यापर्यंत गेले आणि हवापाण्याचं बोलून परत आले. एवढासा शब्द, पण तो ओठाशी आला की त्यांना बापाचा पांढरा हात दिसायचा आणि शब्द माघारी फिरायचा.

रविवारी सकाळी पोरगी भांडी घासत होती. नळ बंद न करता, पाठ न वळवता तिनंच विचारलं, ‘‘बाबा, मी थांबू का?’’

आता ह्याहून सोपं ते काय असतं. घास तोंडापर्यंत आणून दिला होता पोरीनं. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, ‘‘ह्याकडे दोन बाजूंनी बघता येतं.’’

पोरीनं नळ बंद केला.

सर बोलत राहिले. एकीकडे आई आहे, तिचं तुझ्यावर ऋण आहे, नात्यातनंच माणूस घडतो. दुसरीकडे तू स्वतंत्र आहेस, दयेपोटी थांबलीस तर उद्या तुझंच मन तुला खाईल, आणि तसलं थांबणं आईलाही टोचेल. दोन्ही बाजू त्यांनी इतक्या नेकीनं मांडल्या की डावं पारडं उजव्याहून गुंजभरही खाली जाऊ दिलं नाही. पोरगी ओल्या हातानं उभी राहून ऐकत होती. हातावरचं पाणी तिच्या पावलांवर ठिबकत होतं.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘हे पेपरात लिहायचं उत्तर झालं. तुम्हाला काय वाटतं?’’

घंटा वाजायला हे काही कॉलेज नव्हतं. सरांनी चष्मा परत डोळ्यावर चढवला. मग म्हणाले, ‘‘माझ्या वाटण्याचं ओझं तुझ्यावर नको. तुझ्या मनाला पटेल ते कर.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. उरलेली भांडी घासली, ओटा पुसला, फडकं पिळून नळावर घातलं. सोमवारी तिनं नाही कळवलं आणि त्याच आठवड्यात गेली. जाताना आईच्या गालाला गाल लावला, आईनं उजव्या हातानं तिचे केस नीट केले. सरांनी बॅग खाली नेऊन दिली. टॅक्सीत बसताना पोरीनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की अजून गाडी सुटली नाहीये, म्हणायचं असेल तर म्हणा. सर म्हणाले, पोचलीस की फोन कर.

वर आले, खुर्चीत बसले आणि मग त्यांचं तोंड सुटलं. आईची ही अवस्था दिसते आणि पोरीचं पाऊल उचलतं कसं? सांगावं लागतं का हे? एवढं शिकली, पण काळीज कुठं ठेवून आली? लहानपणी तापात ह्याच खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या होत्या, ते काही नाहीच का? एकीकडे-दुसरीकडे सगळं विसरून सर एकाच बाजूनं बोलत होते, आणि आवाज असा लागला होता की कॉलेजात कधी लागला नसेल.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. स्वयंपाकघराची आणि तिच्या खोलीची भिंत म्हणजे नुसती फळी. रविवारचंही तिनं शब्द न् शब्द ऐकलेलं होतं.

‘‘हे तिला ऐकवायचं होतंत,’’ ती म्हणाली. ‘‘थांबली असती का नसती, मला माहीत नाही. पण घरात बाप आहे एवढं तरी तिला कळलं असतं.’’

सर म्हणाले, जबरदस्ती नको म्हणून गप्प बसलो.

‘‘तिच्यावर नको. माझ्यावर चालली. मला कुणी विचारलं नाही माझ्या मनाला काय पटतंय ते.’’ जड जिभेला एवढं बोलून धाप लागली. सरांनी पाण्याचा पेला पुढं केला. तिनं घेतला नाही.

नंतर सगळं सरांच्याच अंगावर आलं. बापाचं केलेलं होतं, त्यामुळे हात विसरले नव्हते. कूस बदलायची, भांडं धरायचं, मऊ भात भरवायचा. हातानं करत गेलं की मन मागनं येतं, असं आयुष्यभर फळ्यावर लिहिलं होतं. मन येत होतं का, कोण जाणे. बायको हूं आणि उंहूं यापलीकडे बोलत नव्हती. रविवारी पोरीचा फोन यायचा तेव्हा मात्र दोघंही ‘ठीक आहे’ म्हणायची, आणि ते इतकं एका सुरात यायचं की पोरीला वाटत असेल, चला, जमलं म्हाताऱ्यांचं.

अशाच एका फोननंतर सर पलंगाशेजारी बसून राहिले. काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, आवाज बरा वाटला नाही तिचा, आपण तिला एकदा सरळ विचारलं तर, म्हणजे एकीकडे बघितलं तर...

‘‘मला तिकडं वळवा,’’ बायको म्हणाली.

तिला स्वतःहून वळता येत नव्हतं. सरांनी एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, दम धरून तिला उचललं आणि तोंड भिंतीकडे करून निजवलं. पाठीशी उशी लावली, पांघरूण नीट केलं. ‘‘बरं आहे ना असं?’’ त्यांनी विचारलं.

तिनं हूं केलं. सर तिच्या पाठीकडे बघत बसले.